डोनटची वही: पावसाळ्यातली साखर

पावसाळा सरत आला, तेव्हा या मोसमातल्या नोंदी एकत्र मांडते. नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगायचं तर आम्ही नवरा-बायको फोंड्याला राहतो. सुट्टीच्या दिवशी गोव्यातल्या बेकऱ्या आणि डोनटची दुकानं पालथी घालतो आणि खाल्लेलं वहीत लिहून ठेवतो. दुकान कुठलंही असो, पहिला डोनट साधा, साखरेत घोळवलेला. चॉकलेट, बिस्किटाचा चुरा, रंगीत गोळ्या हे सगळं नंतर. वरचा थर जाड असला की खालचं पीठ कसं जमलंय ते कळतच नाही.

या मोसमात आम्ही वेळेकडे बारीक लक्ष दिलं. आता वहीत दुकानाच्या नावाआधी मी घड्याळ बघून वेळ लिहिते, कारण एकाच दुकानाचा सकाळचा आणि संध्याकाळचा डोनट वेगळा लागतो आणि पावसात तर फारच वेगळा.

गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. या दिवसांत घरातल्या साखरेच्या डब्याचं झाकण सैल राहिलं तरी ढेकळं होतात, मग काचेच्या कपाटात मांडून ठेवलेल्या डोनटचं काय होणार! तिथे साखरेवर दोन्हीकडून पाणी येतं, बाहेरून दमट हवेतलं आणि आतून तळलेल्या पिठाच्या वाफेचं. डोनट कढईतून काढल्या काढल्या साखरेत टाकला, तर साखर विरघळून वर चिकट पाक होतो. पूर्ण गार होऊ दिला तर साखर चिकटतच नाही, कागदात पडून राहते. हाताला कोमट लागतो तेव्हाच त्याला घोळवायचं. ही मधली वेळ काही मिनिटांचीच असते आणि ती साधणारा कारागीर एकदा सापडला की आम्ही त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जातो.

म्हापशाच्या बाजाराजवळच्या एका बेकरीत असा कारागीर आहे. शुक्रवारचा बाजार, बाहेर चिखल, लोकांची रेटारेटी, आणि हा गृहस्थ शांतपणे डोनट जाळीवर काढून ठेवतो, त्यांना हात लावून बघतो आणि मगच साखरेच्या ताटात सोडतो. घोळवलेले डोनट लगेच डब्यात भरत नाही, उघड्या ट्रेमध्ये एकेक सुटा ठेवतो. आम्ही दुपारी चारच्या सुमाराला पोचलो होतो. दातांखाली साखर कुरकुरली आणि पुढच्या क्षणी मऊ पीठ लागलं. पावसाळ्यात ही कुरकुर मिळणं किती दुर्मीळ आहे, ते आपल्यातल्या कुणालाही सांगायला नको. चव १० पैकी ९, साखर १० पैकी १०. साखरेला पूर्ण गुण मी सहसा देत नाही.

त्याच आठवड्यात मडगावला एका दुकानात सकाळचे डोनट संध्याकाळी खाल्ले. साखरेचा पाक झाला होता, कागद चिकटला होता, आणि खाल्ल्यावर टाळूला मेणासारखा थर राहिला. हे वनस्पती तुपात तळल्याचं लक्षण. वनस्पती गरम असताना पातळ असतं, पण गार झालं की घट्ट होतं आणि तोंडात नीट वितळत नाही. ताजा असता तर हाच डोनट चांगला लागला असता, म्हणून तिथे गुण न देता "सकाळी परत जाणे" एवढंच लिहिलं आहे.

आता पिठाबद्दल, कारण माझा जीव खरा त्यात अडकलेला आहे. यीस्टचा डोनट आणि बेकिंग पावडरचा डोनट या दोन निराळ्या जाती आहेत आणि त्यांची एकमेकांशी तुलना आम्ही करत नाही. यीस्टचा हलका, ताणला तर धाग्यांसारखा सुटणारा. पावडरचा भुसभुशीत, केकच्या जवळचा, चहात बुडवायला उत्तम. ओळखायची खूण सोपी आहे. चांगला फुगलेला यीस्टचा डोनट तेलावर अर्धा वर तरंगतो, त्यामुळे दोन्ही बाजू तळून झाल्या तरी मधोमध एक फिकट पट्टा राहतो. दुकानात शिरल्या शिरल्या आमचे हे कपाटाशी वाकतात आणि मला म्हणतात, "अगं, पट्टा बघ!" पट्टा रुंद आणि सरळ असेल तर पीठ नीट फुगलं आहे आणि तेल १८० ते १९० अंशांच्या घरात होतं, असं आम्ही धरून चालतो. पट्टाच नसेल तर पीठ बहुधा जड राहिलं, तेलात खोल बसलं. पट्टा आहे पण डोनट सुरकुतलेला, तर पीठ गरजेपेक्षा जास्त फुगून मग बसलं. गोव्याच्या मे महिन्यात असं फार होतं. उकाड्यात यीस्ट धावत सुटतं आणि कारागिराने लक्ष ठेवलं नाही तर पीठ आंबूस होतं, तेल पितं. त्या मानाने पावसाळा पिठाला सोसतो. साखरेचे हाल झाले तरी या मोसमातले डोनट आतून मे महिन्यापेक्षा चांगले होते, असं वही चाळताना स्पष्ट दिसतं.

यीस्टच्या बाबतीत गोव्याची परंपरा मोठी आहे. इथले पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाच्या सुरेने, म्हणजे माडीने, पीठ आंबवायचे. पोई, उंडो, काकणं, कात्रे पाव हे पावांचे सगळे प्रकार त्यांच्या भट्टीतून यायचे, आणि आजही सायकलचा भोंपू वाजला की आमच्या वाड्यावर लोक पिशव्या घेऊन बाहेर येतात. ज्या बेकरीची पोई चांगली, तिच्या डोनटचं पीठही चांगलं निघतं, हा आमचा अनुभव. फुगलेल्या पिठावर बोट टेकवून ते तयार झालं की नाही हे ओळखणारा हात दोन्हीकडे तोच असतो. म्हणून अनोळखी गावात आम्ही आधी पोई घेतो.

भरलेल्या डोनटवर आमचं एकमत होत नाही. ह्यांना तेच आवडतात. डोनटला भोक आपण १८४७ साली पाडलं, असं हॅन्सन ग्रेगरी नावाच्या अमेरिकी खलाशाने पुढे सांगितलं होतं. ते खरं असो वा नसो, भोकामागचं कारण पटणारं आहे, कारण मधला भाग सगळ्यांत शेवटी शिजतो. भरलेल्या डोनटला भोक नसतं, म्हणून तो जरा मंद आचेवर, जास्त वेळ तळावा लागतो आणि कच्चा राहण्याची भीती जास्त. पणजीत पोर्तुगीज पद्धतीच्या एका बेकरीत आम्हाला बोला दि बर्लिम मिळाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतून पोर्तुगालमध्ये आलेल्या ज्यू निर्वासितांनी हा प्रकार तिथे नेला, असं सांगतात. जर्मनीत आत जॅम असतो, पोर्तुगालमध्ये त्याच्या जागी अंड्याच्या पिवळ्या बलकाचं दाट क्रीम आलं. तिथे तो समुद्रकिनाऱ्यावर फिरून विकतात. आडवा चिरलेला, क्रीम बाहेर डोकावणारं, वर साखर. ह्यांनी डोळे मिटून खाल्ला आणि १० पैकी १० लिहिले. मी ८ दिले. क्रीम सुरेख होतं, पण त्याच्या ओलाव्याने चिरलेली बाजू मऊ पडली होती. वहीत दोन्ही आकडे शेजारी शेजारी आहेत, सरासरी आम्ही काढत नाही. (ह्यांचा सोमवार असतो, अंडं चालत नाही, म्हणून सोमवारी वही बंद.)

बन्सचा वादही अजून मिटलेला नाही. पिकलेलं केळं, दही, मैदा, थोडं जिरं, पीठ मुरवून जाडसर लाटायचं आणि तळायचं. मंगळूरकडून आलेला हा पदार्थ आपल्या हॉटेलांत पातळ भाजीबरोबर रोज सकाळी असतो. ह्यांचं म्हणणं, गोड आहे, फुगवलेलं आहे, तळलेलं आहे, मग डोनटच्या वहीत का नको? मला वाटतं भाजीबरोबर खायची वस्तू साखरेच्या डोनटच्या मापाने मोजू नये. सध्या मागच्या पानांवर बन्सची वेगळी यादी सुरू केली आहे आणि खरं सांगते, ती यादी झपाट्याने वाढते आहे.

बोरीचा पूल ओलांडून लोटलीला जिला बेकरीचे एक्लेअरही आणले. त्याचं पीठ आधी पातेल्यात शिजवून मग भट्टीत भाजतात, म्हणून डोनटमध्ये धरत नाही, गुणही नाहीत. पण घरी पोचेपर्यंत खोका रिकामा झाला. किनारपट्टीवरच्या कॅफेंमधले चकचकीत डोनट या वेळी फारसे घेतले नाहीत. पावसात त्यांच्या वरची साखरेची झिलई पाझरते, म्हणून ते कोरड्या हवेसाठी राखून ठेवले आहेत.

दुकानात शिरल्यावर आमचा पहिला प्रश्न "गरम आसा?" हाच असतो. "ना, सांजेर यो" (नाही, संध्याकाळी ये), असं उत्तर आलं की आम्हाला आनंद होतो, कारण तिथे दिवसातून दुसऱ्यांदा तळतात हे कळतं. फोंड्यातल्या एका छोट्या बेकरीने असंच सांगितलं, आम्ही साडेपाचला परत गेलो आणि कागदाला तेलाचा डागही न लागणारा, जेमतेम ५० ग्रॅमचा, हलका डोनट मिळाला. हे स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा बरोबर ठेवतात, म्हणून वजन खात्रीने सांगते.

डिसेंबरात बेकऱ्या केक आणि बेबिंका, दोदोल या नाताळच्या गोडांमध्ये बुडालेल्या असतात, तेव्हा त्याआधी वास्को आणि काणकोण करायचं ठरलं आहे. काणकोणात संध्याकाळी तळणारी बेकरी कुणाला माहीत असेल तर जागा आणि वेळ दोन्ही कळवा. यीस्टचा आहे की पावडरचा, तेही लिहा.