टक् वाजायचं, पण गोळी सुटायची नाही

श्वास अर्धा सोडला, रायफलच्या नळीच्या टोकावरच्या फोरसाइटच्या रिंगमध्ये टार्गेटचा काळा ठिपका मधोमध बसला, ट्रिगर मागे आला आणि नुसतं 'टक्' वाजलं. ऑगस्टमधला रविवार, मुंबईतली वरळीची शूटिंग रेंज, ५० मीटर प्रोनचा, म्हणजे पालथं झोपून मारायचा, सराव. ना आवाज, ना धक्का. नळी टार्गेटकडेच ठेवून मी मनात तीस अंक मोजले. कधीकधी ठिणगी उशिरा पेट घेते आणि गोळी काही क्षणांनी सुटते, म्हणून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, घाईने उघडायचा नसतो. मग हात वर करून रेंज ऑफिसरना बोलावलं आणि त्यांच्यासमोर बोल्ट उघडला. काडतुसाच्या कडेवर त्याला फटका मारणाऱ्या फायरिंग पिनची खूण होती. काडतूस अर्धं फिरवून पुन्हा भरलं, आणि गोळी गेली.

त्या दिवशी साठ शॉट्समध्ये असं चार वेळा झालं. त्यातली तीन काडतुसं फिरवल्यावर उडाली. चौथं उडालंच नाही, ते रेंजवर जमा केलं.

ज्यांनी पॉइंट टू टू रायफल हाताळलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मोठ्या काडतुसांत पेट घेणारं रसायन बुडाच्या मधोमध बसवलेल्या छोट्या टोपीत असतं. आमच्या .२२ लाँग रायफल काडतुसाला तशी टोपी नसते. बुडाची कड, म्हणजे रिम, आतून पोकळ असते आणि रसायन त्या पोकळीत भरलेलं असतं. कारखान्यात ते ओलं असतानाच केस, म्हणजे काडतुसाचं धातूचं कवच, गरागरा फिरवतात, त्यामुळे ते कडेकडेने पसरतं. फायरिंग पिन ही कड चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, काठावर चेचते आणि ठिणगी पडते. एखाद्या जागी रसायन पोहोचलंच नसेल आणि पिन नेमकी तिथे पडली, तर गोळी जात नाही. म्हणून अशा रिमफायर काडतुसांत मिसफायर झाला, म्हणजे गोळी सुटली नाही, की आपण आधी काडतुसांना दोष देतो. मीही तेच केलं. फिरवल्यावर गोळी जात होती, म्हणजे आधीच्या जागी रसायन नव्हतं, असा माझा सरळ हिशेब होता.

"सर, हा लॉट खराब आलाय."

कोच सरांनी डबा हातात घेऊन पाहिला. "यातलेच पन्नास राऊंड क्लबच्या रायफलमधून मार. माझ्यासमोर."

मारले. पन्नासच्या पन्नास गेले. मग माझ्या रायफलमधून जुन्या, भरवशाच्या लॉटची काडतुसं घेतली, तर त्यातही टक्. दोन्ही लॉट मिळून शंभर शॉट्समध्ये सात मिसफायर. दोष रायफलमध्येच होता. माझा हिशेब कुठे चुकला तेही सरांनी तेव्हाच सांगितलं. पहिला फटका कमजोर असेल तर त्याचा काही जोर काडतूस पुढे सरकवण्यातच जातो. दुसऱ्या वेळी काडतूस आधीच घट्ट बसलेलं असतं, म्हणून तेवढ्याच फटक्याला ते उडतं. 'फिरवल्यावर गेली' या एका गोष्टीवरून काडतूस वाईट की फटका कमजोर, हे ठरत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. प्रोनमध्ये साठ शॉट्स पन्नास मिनिटांत मारायचे असतात. गुण दशांशात मोजतात, जास्तीत जास्त ६५४. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, करंगळीच्या नखाएवढं. २०१० साली म्युनिकला कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी याच प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हा मी कॉलेजात होते, आणि रायफल हातात धरायची हे तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. परवाना, रायफल, काडतुसं, एकेक गोष्ट जमवायला वर्षं गेली. आता ट्रिगर दाबताना प्रत्येक वेळी मनात यायचं, ही सुटेल का? ही शंका बोटात उतरली की शॉट बिघडतोच, गोळी गेली तरी.

आम्ही ठाण्यात नौपाड्यात राहतो. बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये ३१ वर्षं फिटर होते. त्यांनी आयुष्यात कधी रायफल चालवलेली नाही, पण यंत्र अडलं की त्यांचे डोळे चमकतात. मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं.

"जूनपासून काय काय बदललंस?"

"काहीच नाही, बाबा."

"नीट आठव. कागदावर लिही."

लिहायला बसले तर यादी लांबतच गेली. ठाण्याचा पावसाळा लोखंडाला किती छळतो ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. म्हणून जूनमध्ये मी बोल्ट खोलून आतपर्यंत ग्रीस भरलं होतं. बॅरल (नळी) आणि अ‍ॅक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) लाकडी स्टॉकमधून काढून खालच्या बाजूला तेल लावलं होतं आणि स्क्रू पुन्हा आवळले होते. नवीन लॉट आणला होता. चेंबरची साफसफाई मात्र मेपासून केली नव्हती.

बाबांनी कागद वाचला. "आता यातली एकेक गोष्ट मागे घे. दोन एकदम नाही, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. आणि दर वेळी शंभर मार. वीसवर काही ठरवू नकोस."

पहिलं ग्रीस. फायरिंग पिन बोल्टच्या आत अगदी थोड्या अंतरात वेग घेते आणि त्या वाटेवरच मी घट्ट ग्रीसचा थर दिला होता. बोल्ट खोलायचं मला परवानाधारक दुरुस्तीवाल्यांनी नीट शिकवलं होतं. आतली स्प्रिंग दाबाखाली असते, त्यामुळे कुणी दाखवलेलं नसेल तर पक्कड घेऊन बसू नका. सगळं टर्पेंटाइनमध्ये धुतलं, पुसून कोरडं केलं, पिनवर पातळ तेलाचं बोट फिरवलं आणि तेही पुसून काढलं. बाबांनी भिंगातून पिनचं टोक पाहिलं. कड शाबूत होती, कुठे टवका उडालेला नव्हता.

पुढच्या रविवारी शंभरात तीन मिसफायर. सातावरून तीन! मला तर वाटलं, झालं काम. बाबा म्हणाले, "तीन म्हणजे अजून काहीतरी आहे."

दुसरं चेंबर. मॅच रायफलचं चेंबर मुद्दाम घट्ट ठेवलेलं असतं. काडतूस बसताना गोळी नळीच्या आट्यांना हलकेच चावते. केसच्या तोंडापुढे काजळी आणि शिसं साचून तिथे कडक कडं तयार होतं, मग काडतूस पूर्ण आत जायला कुरकुरतं. माझ्या अंगठ्याला ती कुरकुर जाणवत होती, पण सवयीने मी तिकडे लक्ष देणं सोडलं होतं. सॉल्व्हंट लावून थांबले, ब्रॉंझचा ब्रश फिरवला, चिंधी काळी यायची थांबेपर्यंत पुसलं. काडतूस पुन्हा मऊपणे बसू लागलं.

आणि शंभरात पुन्हा तीन.

हा रविवार मला सगळ्यात जड गेला. परतताना ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर धो धो पाऊस होता आणि मी गाडीत रडले. पिनला जोर देणारी नवी फायरिंग स्प्रिंग मागवलेली होती, पण ती यायला वेळ होता. सगळा दोष स्प्रिंगवर टाकून ती येईपर्यंत रायफल बंद ठेवावी, असं ठरवूनच घरी आले.

बाबांनी वही मागितली. प्रत्येक मिसफायर कितव्या शॉटला, कुठल्या लॉटचा, खूण कशी, हे मी लिहीत होते. खुणांचे मोबाइलवर काढलेले फोटोही होते, कारण न उडालेलं काडतूस आम्ही घरी आणत नाही. बाबांनी पानं उलटली आणि म्हणाले, "सुरुवातीच्या दहा-पंधरा शॉट्समध्ये एकही नाही. सगळे नंतरचेच. नंतर तू काय वेगळं करतेस?"

मला उत्तर सुचेना. पुढच्या वेळी कोच सरांना सांगितलं, माझ्याकडे बघू नका, फक्त रायफलकडे बघा. ते उजव्या बाजूला स्टूल टाकून बसले. एकतिसाव्या शॉटला टक् झालं. तीस अंक मोजून होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हँडल हललं."

"कुठलं?"

"बोल्टचं. टक् वाजलं त्याच क्षणी ते किंचित खाली गेलं. म्हणजे आधी ते पूर्ण खाली नव्हतं."

तेव्हा उमगलं. सायटर्स, म्हणजे नेम जुळवायचे सुरुवातीचे शॉट्स, मारताना मी बोल्ट ठामपणे खाली दाबते. नंतर लय लागली की पोझिशन हलू नये म्हणून हात हलका होतो आणि हँडल नुसतं तळव्याने सोडून दिल्यासारखं खाली येतं. पण बंद बोल्ट म्हणजे बंदच असायला हवा, हात हलका असो की जड. ते पूर्ण का बसत नव्हतं?

घरी बाबांनी कपाटातून प्रशियन ब्ल्यूची जुनी ट्यूब काढली. टूलरूममध्ये दोन भाग नेमके कुठे टेकतात हे पाहायला एकावर ब्ल्यूचा अगदी पातळ हात देतात आणि दुसऱ्यावर दाबतात. टेकलेल्या जागी निळं उमटतं. रायफल रिकामी आहे याची मी दोनदा खात्री केली. बाबांनी हँडलच्या खालच्या बाजूला बोटाने ब्ल्यू लावला. मी बोल्ट बंद केला, उघडला. स्टॉकमधल्या हँडलच्या खाचेत, अक्रोडाच्या लाकडावर, तांदळाच्या दाण्याएवढा निळा डाग होता.

हँडल लाकडाला टेकत होतं. पावसाळ्यात खाचेतलं उघडं लाकूड ओल शोषून फुगलं होतं. त्यात जूनमध्ये मी स्क्रू टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) न वापरता हाताच्या अंदाजाने, नेहमीपेक्षा जास्त आवळले होते, त्यामुळे अ‍ॅक्शन स्टॉकमध्ये जरा खाली बसली होती. मधली केसभर फट नाहीशी झाली होती. बोल्ट पूर्ण फिरलेला नसताना पिन सुटली की स्प्रिंगचा काही जोर बोल्टचं उरलेलं फिरणं पुरं करण्यात जातो. रिमवर पडतो तो उरलासुरला. असा अर्धवट बसलेला बोल्ट घेऊन मी महिनाभर फायर करत होते, हे लक्षात आलं तेव्हा पोटात गोळा आला.

खात्रीसाठी एक रिकामी केस घेतली. ती चेंबरमध्ये घालून बोल्ट दाबून बंद केला आणि ट्रिगर ओढला. मग केस थोडी फिरवून, या वेळी बोल्ट हलक्या हाताने बंद करून तेच केलं. भिंगाखाली एकाच रिमवर दोन खुणा शेजारी शेजारी दिसत होत्या. एक खोल, कडा स्पष्ट असलेली. दुसरी उथळ, जणू नखाने टोचलेली. बाबांनी ती केस बराच वेळ हातात फिरवली आणि मग आईलाही बोलावून दाखवली.

सँडपेपर घेऊन स्वतःच बसावं असा मोह झाला होता, पण रायफल दुरुस्तीवाल्यांकडेच नेली. त्यांनी खाचेतलं लाकूड अर्ध्या मिलिमीटरहून कमी घासलं, उघड्या जागी ओल शिरू नये म्हणून तेलाचे हात दिले आणि स्क्रू टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाला आवळले. आता हँडल बंद असताना त्याच्याखालून वर्तमानपत्राची पट्टी न अडकता सरकते. प्रत्येक सरावाआधी मी ती सरकवून बघते, अर्थातच रायफल रिकामी असताना.

सप्टेंबरच्या दोन रविवारी मिळून २०० शॉट्स, मिसफायर शून्य. दुसऱ्या रविवारी मुद्दाम हात अगदी हलका ठेवला होता. शेवटचा शॉट गेल्यावर मी मॅटवर तशीच पडून राहिले, कपाळ हातावर टेकवून. सरांनी पाठीवर थाप मारली तेव्हा उठले.

नोव्हेंबरमध्ये नवी स्प्रिंग आली. बाबांनी व्हर्नियरने दोन्ही मोजल्या. जुनी दोन मिलिमीटरने आखूड झाली होती. तीही बदलली, पण आधी जुन्या स्प्रिंगवर आणखी शंभर मारून वहीत शून्य लिहून घेतलं आणि मगच. ग्रीस आता बोल्टमध्ये जात नाही. पावसाळ्यात तेलाचा पुसट हात देते, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवते आणि दर पंधरा दिवसांनी बोल्ट काढून बघते.

डिसेंबरमधल्या एका सरावात, बेचाळिसाव्या शॉटला पुन्हा टक् झालं. काळजात चर्र झालं. तीस अंक मोजले, रेंज ऑफिसर आले, बोल्ट उघडला. भिंग पिशवीतच होतं. रिमवरची खूण खोल होती, कडा स्पष्ट, त्या रिकाम्या केसवरच्या चांगल्या खुणेसारखी. काडतूस फिरवून भरलं, टक्. अजून एकदा फिरवलं, पुन्हा टक्. तिन्ही खुणा सारख्याच खोल.

"ही काडतुसाचीच," सर म्हणाले.

मी ते जमा केलं, वहीत लॉट नंबर लिहिला आणि पुढचं काडतूस भरलं.