दोन लेसरांमधला फरक नेमका कोणाचा?

१९८३ साली प्रकाशाचा निर्वातातील वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर असा कायमचा ठरवण्यात आला आणि मीटरची व्याख्या त्यावरच उभी राहिली. तेव्हापासून ज्या प्रयोगशाळेकडे अचूक माहीत असलेल्या वारंवारतेचा लेसर आहे, तिला प्रकाशाच्या वेगाला त्या वारंवारतेने भागून तरंगलांबी काढता येते, म्हणजेच स्वतःचा मीटर घरच्या घरी मिळवता येतो. अनेक राष्ट्रीय मापन प्रयोगशाळांत हे काम आयोडीनच्या वाफेतील शोषणरेषेशी जखडलेला, ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीचा हेलियम-निऑन लेसर करीत आला आहे. ही रेषा प्रत्यक्षात जवळजवळच्या अनेक बारीक रेषांची, म्हणजे घटकांची, बनलेली असते; तिच्या ‘एफ’ घटकाची शिफारस केलेली वारंवारता ४७३ ६१२ ३५३ ६०४ किलोहर्ट्झ असून तिची अनिश्चितता सुमारे १० किलोहर्ट्झ आहे.

अर्थात ही अनिश्चितता ठरलेल्या अटी पाळल्या तरच लागू होते. आयोडीनची वाफ ठेवलेल्या कुपीची भिंत २५ अंश सेल्सिअसला आणि तिचा थंड ठेवलेला भाग १५ अंशांना असावा लागतो, मॉड्युलेशनचा, म्हणजे लेसरच्या वारंवारतेला मुद्दाम दिलेल्या हेलकाव्याचा, विस्तार ६ मेगाहर्ट्झ असावा लागतो आणि लेसरच्या आरशांमधील पोकळीत एका दिशेने जाणाऱ्या किरणाची शक्ती १० मिलिवॉटच्या आसपास लागते. थंड भागाच्या तापमानावर वाफेचा दाब ठरत असल्यामुळे, तेथे एका अंशाची चूक झाली तरी वारंवारता सुमारे १५ किलोहर्ट्झने, म्हणजे त्या अनिश्चिततेहूनही अधिक, सरकते.

म्हणूनच प्रयोगशाळा आपले लेसर एकत्र आणून त्यांची तुलना करीत आल्या. दोन्ही किरण एकाच शोधकावर पाडले की वारंवारतांमधील फरकाएवढा विस्पंद मिळतो आणि तो मोजता येतो. पण दोन्ही लेसर एकाच घटकावर जखडलेले असतील तर विस्पंद शून्याजवळ येतो आणि कोणत्या लेसरची वारंवारता जास्त आहे हेही कळत नाही. त्यामुळे ते आळीपाळीने वेगवेगळ्या घटकांवर बसवतात, सगळ्या जोड्यांचे विस्पंद नोंदवतात, आणि दोघांचे घटक अदलाबदल करून घेतलेल्या मोजमापांतून घटकांमधील अंतर वजा होऊन केवळ लेसरांमधला फरक उरतो. ही युक्ती मला फार देखणी वाटते.

तरीही माझ्या मते तुलनेच्या अहवालात एकमत पाहून समाधान मानणे घाईचे ठरते. विस्पंद केवळ फरक सांगतो, दोष कोणाचा ते सांगत नाही, आणि दोन्ही कुप्यांत सारखीच अशुद्धी असेल तर फरकही दिसणार नाही. बरीच वर्षे पॅरिसजवळील सेव्र येथील आंतरराष्ट्रीय वजन-माप कार्यालयाचे लेसर हेच या तुलनांचे मध्यवर्ती संदर्भ होते, पण तेही त्याच जातीचे लेसर होते.

हा पेच सुटला तो वारंवारता-कंगव्यामुळे, म्हणजे कंगव्याच्या दातांसारख्या समान अंतरावरील अनेक वारंवारता एकाच वेळी देणाऱ्या लेसरमुळे. ज्या कामासाठी हेन्श आणि हॉल या भौतिकशास्त्रज्ञांना २००५ चे नोबेल मिळाले, त्यातून ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाची, वारंवारता थेट सेकंद ठरवणाऱ्या सीझियम अणुघड्याळाशी जोडता येऊ लागली. पुढील आंतरराष्ट्रीय मुख्य तुलनेत ऑस्ट्रियाच्या मापन संस्थेने समन्वयकाची भूमिका घेतली, आणि लेसर आता दुसऱ्या लेसरासमोर नव्हे, कंगव्यासमोर ठेवले जाऊ लागले. त्यामुळे कुपी बिघडलेली असेल तर तिचे विचलन तिच्याच नावावर नोंदवले जाते, आणि प्रयोगशाळा शिफारस केलेल्या आकड्याऐवजी स्वतःच्या लेसरची मोजलेली वारंवारता, तिच्या वेगळ्या अनिश्चिततेसह, वापरू शकते.