पाळी जाताना नावं का सुचत नाहीत

ओटीपी वाचून टाइप करेपर्यंत विसरायला होतं, समोरच्या बाईचं नाव ओठांवर येऊन अडतं, दूध गॅसवर असल्याचं वासावरून कळतं. पंचेचाळिशीच्या आसपास असं व्हायला लागलं की पहिली भीती अल्झायमरची वाटते. या वयात ती बहुतेक वेळा चुकीची ठरते. मात्र रोज अंधेरीला गाडी बदलणारी बाई त्याच पुलावर गोंधळून उभी राहू लागली, किंवा घरचा हिशेब तिला जमेनासा झाला, तर हार्मोन्सवर ढकलून गप्प बसू नये. न्यूरॉलॉजिस्टला दाखवावं.

अमेरिकेतल्या 'स्वान' अभ्यासात 2,362 बायकांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या पुन्हा पुन्हा घेतल्या. एकच चाचणी परत दिली की सरावाने गुण वाढतात. पाळी अनियमित झालेल्या काळात ही वाढ थांबली आणि पाळी पूर्ण गेल्यावर परत दिसू लागली. 2009 साली छापून आलेला हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे.

या काळात इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं बायकांचं हार्मोन, सरळ रेषेत उतरत नाही, उड्या मारतं. मेंदूतल्या स्मरणाशी संबंधित भागात, हिप्पोकॅम्पसमध्ये, त्याचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जोडलं जातं त्या जागा, असतात. मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागात, हायपोथॅलॅमसमध्ये, ज्या पेशींना ते आवरून धरतं, त्या मोकळ्या सुटल्या की शरीराचा थर्मोस्टॅट बिघडतो आणि अंगातून वाफा निघतात. रात्री तीनदा घाम फुटून जाग आली तर दुसऱ्या दिवशी डोकं चालणार कसं? त्यात मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही. एसी असेल तर तो 18 वर नेण्याऐवजी 'ड्राय' मोडवर लावून बघा, नसेल तर पंख्याखाली सुती चादर आणि उशाशी कोरडा पंचा.

मग मेंदूसाठी हार्मोन्स घ्यावेत का? फक्त स्मरणशक्तीसाठी नकोत. 2003 मध्ये 'विम्स' अभ्यासात, हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी 40 जणींना आणि नुसती साखरगोळी घेणाऱ्यांपैकी 21 जणींना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झाला. त्या बातमीने जगभरच्या बायका घाबरल्या. पण अभ्यासातल्या सगळ्याजणी 65 किंवा त्यापुढच्या होत्या, हे मथळ्यात आलं नाही! पुढे 'कीप्स' अभ्यासात नुकतीच पाळी गेलेल्या 727 जणी घेतल्या. चार वर्षांत हार्मोन्समुळे त्यांच्या स्मरणशक्तीला फायदा झाला नाही आणि तोटाही नाही. हार्मोन्स घ्यायचे ते वाफा, झोप आणि हाडांसाठी. झोप सुधारली की डोकंही हलकं होतं, तो वरचा नफा.

डॉक्टरांनी इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचा एक प्रकार) जेल दिलं तर 0.06 टक्के जेलच्या अडीच ग्रॅममध्ये दीड मिलिग्रॅम औषध असतं. आंघोळीनंतर अंग नीट पुसून दंडावर किंवा मांडीवर लावा, स्तनांवर कधीच नाही. घामट त्वचेवर किंवा बॉडी लोशनच्या थरावर ते नीट मुरत नाही. वाळेपर्यंत कपडे घालू नका, लहान मुलांना उचलू नका. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन हवंच, नाहीतर गर्भाशयाचं आतलं अस्तर वाढत जातं. साधारणपणे रोज 100 मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले 12 दिवस 200. ते रात्रीच घ्या, कारण झोप आणतं. स्तनांचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल, तर आधी तसं सांगा.

तपासणीत टीएसएच (थायरॉइडसाठी), बी-12, हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि रक्तदाब बघावा. शाकाहारी घरांत बी-12 कमी निघणं अगदी नेहमीचं. पंचेचाळिशीनंतर एफएसएच (पाळी जात आली का ते बघणारी हार्मोनची चाचणी) करण्यात सहसा अर्थ नाही, आजचा आकडा पुढच्या आठवड्यात पार वेगळा येतो. लॅबच्या 'वुमन पॅकेज'मध्ये तरी तो असतोच. सर्दीची क्लोरफेनिरामिन आणि झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिन यांनीही विसराळूपणा येतो, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या.

आणि 'पिशवी (गर्भाशय) काढली' म्हणजे नेमकं काय काढलं, ते डिस्चार्ज कार्डावर बघा. अंडाशयही काढली असतील, आणि तीही पाळी जायच्या वयाआधी, तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं. मेयो क्लिनिकच्या 2007 च्या अभ्यासात अशा बायकांमध्ये पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त दिसला. अशा वेळी, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन्स देण्याचा सल्ला असतो. तो कुणी दिला नसेल, तर कार्ड घेऊन जाऊन स्वतः विचारा.