गन बदलायची आहे

कुर्ल्याच्या गाळ्यातली भट्टी बंद पडून बरीच वर्षं झाली होती. एलईडीच्या जमान्यात रिबिल्ट, म्हणजे दुरुस्त करून नव्याने भरलेली, टीव्हीची पिक्चर ट्यूब घेणार कोण? पण जुने टीव्ही जमवणारा एक तरुण २० इंची ब्लॅक अँड व्हाइट ट्यूब घेऊन आला आणि हटूनच बसला. कुणीतरी कॅथोड तापवणाऱ्या हीटरला जादा व्होल्टेज देऊन देऊन ती पार पिळून काढली होती. इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड संपलेला. तो ज्यात असतो ती, पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत मारणारी गन बदलण्यावाचून इलाज नव्हता.

ट्यूबच्या आत हवा नसते, त्यामुळे एवढ्या ट्यूबच्या नुसत्या पडद्यावर बाहेरच्या हवेचा दाब टनाहून जास्त पडतो. म्हणून आधी मागच्या बारीक नळीला चीर देऊन हवा अगदी सावकाश आत सोडायची, घाई केली तर पडद्यावरचा फॉस्फर, म्हणजे उजळणारा थरच उडतो. मग नेक, म्हणजे गन असलेली ट्यूबची मागची मान कापायची, नव्या गनची नेक समोर धरायची आणि लेथवर फिरवत ज्योतीत काचेला काच जोडायची.

तो मोबाइलवर सगळं टिपत होता. मी म्हटलं, "अरे, ज्योत नको, काच बघ." सांधा भरल्यावर ज्योत हळूहळू मऊ करत न्यावी लागते. नाहीतर काचेत ताण राहतो आणि कुणी हातही लावलेला नसताना तडा जातो. ज्योत कधी मऊ करायची, हे व्हिडिओत कुठून कळणार?

हवा खेचणाऱ्या पंपावर चढवून ट्यूब भट्टीत भाजली. नंतर हीटर चढवला की कॅथोडवरच्या कार्बोनेटचं ऑक्साइड होतं, वायू सुटतो, दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा उसळतो. तो खाली बसेपर्यंत गप्पा. तरुण सांगत होता, अमेरिकेत डे मॉइन शहरातला असाच एक कारखाना २०१० मध्ये बंद झाला, त्याची यंत्रं ओहायोतल्या अर्ली टेलिव्हिजन म्युझियमने नेली.

"यंत्रं नेली, बरं झालं. पण चालवणारे हात?" मी विचारलं. तो नुसता हसला.

नळी वितळवून बंद केली, बाहेरून तापवणारी कॉइल धरली. आतली गेटरची, म्हणजे उरलासुरला वायू शोषणाऱ्या बेरियमची कडी लाल झाली आणि बेरियम उडून काचेवर काळसर चंदेरी आरसा धरला. तो दुधाळ पडला असता तर समजायचं, हवा शिरली.

दूरदर्शनचं जुनं प्रक्षेपण आता कुठलं? सेट टॉप बॉक्सला, त्याचं चित्र जुन्या टीव्हीला पकडता यावं म्हणून, मॉड्युलेटर लावून बातम्या लावल्या. निवेदिकेच्या साडीची बारीक किनार स्पष्ट दिसत होती.

पठ्ठ्याने लगेच रंगीत ट्यूबचं विचारलं. एका नेकमध्ये तीन गन. ते काम मी कधी केलं नाही, या वयात करणारही नाही. मात्र नेक जोडायला शिकायची तयारी असेल तर ये, म्हटलं. सरावाला मेलेल्या ट्यूबा लागतील. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, नेक तोडू नकोस म्हणून.