खुब्याचं पीएओ, १४ वर्षांनंतर, आणि जुन्या फाईलसाठी घातलेले चार हेलपाटे

२०११ मध्ये माझ्या उजव्या खुब्याचं पीएओ (पेरिअॅसिटॅब्युलर ऑस्टिओटॉमी) हे ऑपरेशन झालं, तेव्हा मी २६ वर्षांची. मांडीच्या हाडाचा गोळा ज्यात बसतो ती खुब्याची वाटी जन्मापासून उथळ होती म्हणून वाटीभोवतीचं हाड कापून ती फिरवली आणि स्क्रूने बसवली. कुबड्या, फिजिओ सगळं निभावलं, त्याबद्दल तक्रार नाही.

१४ वर्षांनी जांघेत परत दुखायला लागलं. नवीन डॉक्टर म्हणाले जुना एक्सरे आणि ऑपरेशन नोट आणा, तेव्हा सांध्यात फट किती होती (झीज झाली की ती कमी होते) ते कळल्याशिवाय मी काही सांगणार नाही. आणि इथेच अडकले. पहिल्या दिवशी रेकॉर्डच्या खिडकीवर "एवढं जुनं नाही मिळत मॅडम". दुसऱ्यांदा अर्ज लिहून नेला तर सही करणारे रजेवर. तिसऱ्यांदा नाव सापडेना, कारण फाईल माहेरच्या आडनावावर आणि माझं आधार सासरच्या, मग लग्नाचं सर्टिफिकेट आणा. दर वेळी अर्धी रजा, आणि ती खिडकी तळघरात, लिफ्ट तिथवर जात नाही. खुब्याच्या पेशंटने तिथे चार वेळा पायऱ्या उतरायच्या याचा राग अजून गेलेला नाही. अर्ज केल्यावर ७२ तासांत कागद द्यावेत असा नियम आहे, पण रेकॉर्ड सांभाळायचं बंधन ३ वर्षांचंच, त्यामुळे भांडायलाही जोर येत नाही. अर्जाच्या कॉपीवर पोच घ्या, मी दुसऱ्या फेरीला घेतली नव्हती म्हणून तिसरी झाली.

चौथ्यांदा नोट मिळाली, एक्सरे नाहीच. तो निघाला आईच्या ट्रंकेत साड्यांखाली, पिवळ्या पाकिटात, दोन फिल्म दमटपणाने चिकटलेल्या. कोपऱ्यात पेन्सिलने ऑपरेशनआधीचा कोन लिहिलेला, वाटी गोळ्याला किती झाकते तो, १२ अंश. नॉर्मल २५ च्या वर लागतो.

डॉक्टरांनी जुना आणि नवा एक्सरे शेजारी लावून बघितले, फट जवळजवळ तेवढीच! दुखणं स्नायूचं निघालं. मी तिथेच रडले. मग त्यांनी सांगितलं की हे ऑपरेशन स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये गांझ या सर्जननी १९८४ ला सुरू केलं, तिथल्या पहिल्या ७५ सांध्यांपैकी २० वर्षांनी साधारण ६० टक्के टिकले होते, ३० वर्षांनी २९ टक्के. चाळिशीनंतर किंवा झीज सुरू झाल्यावर केलं त्यांचे लवकर गेले. म्हणून मला दर वर्षी उभं राहून काढलेला एक्सरे सांगितलाय.

हो, आणि घरात कुणाला उथळ वाटीचा हा त्रास असेल तर बाळाची खुब्याची सोनोग्राफी दीड महिन्याचं असतानाच करून घ्या, लेकीची मी केली होती, नॉर्मल आली.

पिवळं पाकीट आता माझ्या कपाटात आहे, उभं ठेवलंय, वर दोन्ही आडनावं लिहून.