38 चा आकडा

2023 च्या मे महिन्यात भर दुपारी बीडहून आलेली एक मोटार छत्रपती संभाजीनगरमधील आमच्या टायरच्या दुकानासमोर थांबली. सहकुटुंब समृद्धी महामार्गाने नागपूरला निघालेल्या त्या गृहस्थांनी सकाळीच चारही टायरांत 33 पीएसआय (म्हणजे दर चौरस इंचाला 33 पाउंड) दाबाने नायट्रोजन भरून घेतला होता. व्हॉल्व्हवर नायट्रोजनची खूण म्हणून हिरव्या टोप्याही होत्या. मी गेज लावले तेव्हा 38 चा आकडा दिसला. "नायट्रोजन तापला तरी प्रसरण पावत नाही, तेव्हा सकाळी जास्तच भरला असणार. पाच पाउंड सोडून द्या," असे ते म्हणाले.

मी हवा सोडण्यास नकार दिला. नायट्रोजन हाही वायूच आहे आणि तापमान वाढले की त्याचा दाब कोरड्या हवेइतकाच वाढतो. आपण श्वासात घेतो त्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो आणि आमचे यंत्र तो त्या हवेतूनच गाळून घेते. कॉम्प्रेसरच्या हवेत बाष्प असेल तर दाब थोडा अधिक वर-खाली होतो, हा एक फरक. आणि रबरातून ऑक्सिजन लवकर झिरपतो, त्यामुळे नायट्रोजनचा दाब जरा जास्त दिवस टिकतो, हा दुसरा. तापलेल्या टायरातून पाच पाउंड सोडले असते, तर दुसऱ्या दिवशी पहाटे थंड टायरात 28 च्या आसपासच उरले असते. कमी दाबाच्या टायरची बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दबते, तिथेच उष्णता साठते आणि ताशी 120 किलोमीटरच्या वेगमर्यादेच्या रस्त्यावर टायर फुटण्याची वेळ येते.

"मग विमानात का भरतात?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. विमान उतरताना ब्रेक भयंकर तापतात आणि टायरमधील ऑक्सिजन तिथे स्फोटाला कारण होऊ शकतो. 1986 मध्ये मेक्सिकोत कोसळलेल्या बोइंग 727 च्या टायरात नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. घरच्या मोटारीचे ब्रेक त्या थराला जात नाहीत.

मोटार सावलीत उभी करायला लावून मी त्यांना चहा पाजला. टायर निवल्यावर गेजने 35 दाखवले. सकाळपेक्षा दुपारची सावलीही तापलेलीच होती, त्यामुळे 33 होणार नव्हतेच. दरम्यान मोटार जॅकवर घेऊन आमच्या दुकानातल्या मुलाने चाके फिरवली, तेव्हा पुढच्या डाव्या टायरला आतल्या बाजूने लिंबाएवढा फुगा आलेला दिसला. खड्ड्यात आदळून आतले धागे तुटले की असा फुगा येतो आणि बाहेरून उभ्याने पाहिल्यास तो दिसत नाही. बाजूवर 1416 असा आकडा होता, म्हणजे टायर 2016 च्या चौदाव्या आठवड्यात तयार झालेला. पुढच्या उजव्या टायरवरही तोच आकडा होता. सकाळी नायट्रोजन भरणाऱ्याने टोप्या बदलल्या, पण वाकून पाहिले नाही, याचा मला राग आला. व्हॉल्व्हपर्यंत हात गेलाच होता, तर आणखी वीतभर आत नजर टाकायला कितीसा वेळ लागला असता!

फुगा पाहिल्यावर ते पुढचे दोन्ही टायर बदलायला तयार झाले. नव्या टायरांतही त्यांना नायट्रोजनच हवा होता. मी तो भरून दिला. त्याने अपाय काहीच नाही. निघता निघता डिकी उघडायला लावून स्टेपनी तपासली, तर तिच्यात 14 पीएसआयच होते. तिच्यात मी कॉम्प्रेसरची साधी हवा भरली.