रोज त्याच बागेत?

उन्हाळा लागला की प्रश्न ठरलेला: "सुट्टीत मुलांना घेऊन कुठे कुठे जाता?" शेजारच्या काकू विचारतात, ऑफिसातल्या मैत्रिणी विचारतात, फोनवर नणंद विचारते. मी उत्तर दिलं की लगेच दुसरा प्रश्न, जरा कीव आल्यासारखा: "रोज तिथेच? मुलं कंटाळत नाहीत?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून यंदा जरा ऐसपैस सांगते.

कुठे कुठे असं काही नाही. घरापासून चालत जाण्यासारखी एक बाग आहे, तिच्या मागच्या अंगाला छोटं तळं आहे, तिथेच जातो. भल्या सकाळी, नाहीतर उन्हं उतरल्यावर. मुलगी पाच वर्षांची, मुलगा अडीचचा. सुट्टीच्या दिवशी त्यांचा बाबा बरोबर असतो, एरवी मी आणि ती दोघं.

मुलं अजिबात कंटाळत नाहीत. कंटाळा येतो तो मोठ्यांना, आणि तोही पहिल्या आठवड्यापुरता. नव्या जागी लहान मुलाचा बराचसा वेळ बिचकण्यातच जातो. आईला चिकटायचं, कुत्रं कुठून येईल ते बघायचं, ओळख नसलेल्या मुलांकडे टक लावून बसायचं. जरा रुळतंय तोवर निघायची वेळ. रोजच्या बागेत आमच्या मुलाला ठाऊक असतं की कोणता झोका कुरकुरतो, कोणत्या नळाखाली चिखल असतो, कुठल्या कठड्यावरून उडी मारलेली आईला चालते. गेल्या गेल्या कामाला लागतो तो. आणि लांबच्या सहलींबद्दल म्हणाल, तर आपल्याच मुलांना एकदा विचारून बघा, तिथलं काय आठवतंय. डोंगर आणि धबधबा फोटोत असतात. मुलांना आठवतात लिफ्टची बटणं.

तरीही रोज एकच जागा म्हणजे रोज तेच, असं नाही. निदान आमच्याकडे तरी नाही, कारण थोरलीला प्रश्न पडतात.

बागेत एक जुनं, डेरेदार झाड आहे. सकाळी त्याच्या सावलीत उन्हाचे ठिपके पडलेले असतात. धाकटा ते पायाखाली चिरडायला धावतो. थोरली एक दिवस उकिडवी बसून बघत होती. मग म्हणाली, "आई, पानांमधल्या फटी वाकड्यातिकड्या आहेत ना? मग ठिपके गोल कसे?" खरंच बघा कधीतरी. फटी कशाही असोत, उंचावरच्या बारीक फटींचे ठिपके गोलच पडतात, किंवा ऊन तिरपं असेल तर लंबगोल. प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचं चित्र असतं. बारीक फट भिंगाविना चालणाऱ्या कॅमेऱ्यासारखी वागते आणि आकाशातला गोळा जमिनीवर उमटवते. खंडग्रास ग्रहण असेल तेव्हा हेच सगळे ठिपके एकजात चंद्रकोरी होतात. पानांमधून पडणाऱ्या उन्हाचं हे कोडं अॅरिस्टॉटलच्या परंपरेतल्या लिखाणातही विचारलेलं आहे. म्हणजे माझी लेक चांगल्या पंगतीला बसलेली आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही जाड पुठ्ठ्याचा तुकडा नेला. त्याला दोन-तीन मिलिमीटरचं तिकोनी भोक पाडलेलं. पुठ्ठा जमिनीला टेकवला तर ठिपका तिकोनी. हळूहळू वर उचलत नेला तशी त्याची टोकं बोथट होत गेली, आणि तिच्या डोक्याएवढ्या उंचीवर तो चक्क गोल झाला. सूर्याच्या चित्राचा आकार काढायचा असेल तर भोकापासून जमिनीपर्यंतच्या अंतराला साधारण 108 ने भागायचं. मीटरभर अंतराला 9 मिलिमीटरच्या आसपास येतात. हा हिशोब बाबाने केला, लेकीला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. तिला तिकोनाचा गोल झाला एवढं पुरे होतं, आणि त्या सकाळी तिने बागेतल्या माळीदादांसकट सगळ्यांना ते करून दाखवलं. एक मात्र आधी बजावलं होतं: भोकाला डोळा लावून सूर्याकडे बघायचं नाही. नजर कायम जमिनीवर.

मुंग्यांवर तर आमचे आठवडे जातात. बाकाखाली खाऊचा कण पडला की पहिली एक मुंगी येते, मिशांनी चाचपडते, निघून जाते. काहीच झालं नाही असं वाटतं. मग थोड्या वेळाने त्याच वाटेने रांग लागते, कारण पहिलीने परतताना जमिनीवर वास ठेवलेला असतो. रांगेवरून आडवं बोट घासलं की पुढची मुंगी तिथे येऊन अडते. मागे वळते, डावी-उजवीकडे डोकावते, मागून येणाऱ्या तिच्यावर आदळतात, छोटासा घोळका होतो. शेवटी एखादी धीट पलीकडे जाते आणि वाहतूक सुरळीत. धाकट्याला यातलं काही कळत नाही, पण घोळका झाला की तो टाळ्या वाजवतो. मुंग्या मारायच्या नाहीत एवढं मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.

वाळवंटातल्या मुंग्यांची गोष्ट मी तिथेच बाकावर सांगितली. तापल्या वाळूत वास टिकत नाही, म्हणून तिथल्या काही मुंग्या सूर्याच्या आधाराने दिशा धरतात आणि अंतर पावलांवर मोजतात. 2006 साली जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी यासाठी अफलातून प्रयोग प्रसिद्ध केला. खाऊपर्यंत पोचलेल्या मुंग्यांच्या पायांना डुकराचे राठ केस चिकटवून त्यांना उंच केलं. पावलांची संख्या तीच पण ढांग मोठी, त्यामुळे परतताना त्या आपलं वारूळ ओलांडून पुढे गेल्या. काही मुंग्यांचे पाय आखूड केले होते, त्या अलीकडेच थांबून घर शोधू लागल्या. (पाय आखूड कसे केले, ते मी गाळते. पाच वर्षांच्या मुलीला सगळंच सांगायची गरज नसते.) त्यानंतर काही दिवस आमच्या घरी बाक ते झोका हे अंतर राक्षसाच्या ढांगांनी आणि उंदराच्या पावलांनी मोजलं जात होतं. जेवायला हाक मारली तरी उत्तर यायचं, "थांब, मोजतेय."

पिशवीत काय असतं, हेही विचारतात. पाणी, टोप्या, कपड्यांचा एक जादा जोड, जुना पंचा आणि झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली. खेळणी नाहीत. खेळणी नेली की खेळणी सांभाळायला जावं लागतं, आणि दुसऱ्याच्या मुलाने ती घेतली की न्यायनिवाडा करायला.

फवाऱ्याची बाटली मात्र चुकवू नका. सूर्याकडे पाठ करायची, आपल्याच डोक्याच्या सावलीकडे तोंड, आणि बारीक तुषार उडवायचे. सावलीभोवती 42 अंशांवर इंद्रधनुष्य उमटतं. सूर्य खाली असतो तेव्हा ते समोर दिसतं, तो चढला की पायांकडे सरकतं. सूर्य क्षितिजापासून 42 अंशांच्या वर चढला की आकाशात इंद्रधनुष्य दिसत नाही, पण बाटलीतलं दिसतं, गवतावर खाली वाकून बघायचं फक्त. एकदा यावरून दोघांची जुंपली. "माझं इंद्रधनुष्य!" "माझं!" मी म्हटलं, भांडू नका, दोघांची वेगवेगळीच आहेत. आणि हे समजूत घालण्यासाठी केलेलं थापेबाज वाक्य नाही बरं का. ज्या थेंबांतून येणारे रंग तिच्या डोळ्यांत शिरतात, ते थेंब त्याच्या डोळ्यांसाठीचे नसतात. प्रत्येक जण आपापलं इंद्रधनुष्य बघतो. मुलीला ते इतकं पटलं की ती भावाला म्हणाली, "तुझं छोटंय." पुन्हा भांडण.

आता उन्हाचं. "एवढ्या उन्हात मुलांना बाहेर काढता?" हाही प्रश्न असतोच, विशेषतः आजीचा. नाही काढत. आमच्याकडे घड्याळाऐवजी सावलीचा नियम आहे. आपली सावली आपल्यापेक्षा लांब असेपर्यंत बाहेर. ती आपल्याएवढी झाली म्हणजे सूर्य 45 अंशांवर आला, आणि बुटकी होऊ लागली की त्वचा भाजणारे किरण जोरात असतात. मग घर, नाहीतर दाट सावली. गंमत अशी की हा नियम मी लावत नाही, थोरली लावते. जमिनीवर आडवी होऊन स्वतःची सावली मापते आणि जाहीर करते. आईने सांगितलं की रडारड होते, सूर्याने सांगितलं की ऐकतात.

बाकी काळजी तुम्हाला ठाऊक असेलच, पण दोन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. बाबागाडीवर ऊन लागू नये म्हणून कापड झाकतात. झाकलं की आत हवा खेळत नाही आणि सावली असूनही आत तापतं. छत्री लावा, वरची कमान ओढा, पण सगळ्या बाजूंनी झाकू नका. आणि उभ्या गाडीत मुलाला "दोनच मिनिटं" सुद्धा ठेवायचं नाही. बंद गाडीचं तापमान मुख्यतः पहिल्या अर्ध्या तासातच चढतं, काच फटीएवढी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही. लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापतं. घसरगुंडी धातूची असेल तर आधी आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघायची, हेही ओघाने आलंच.

तळ्याकाठी मी कुणाशी गप्पा मारत नाही. फोन पिशवीत. मूल हाताच्या अंतरावर. पाण्यात सापडलेलं मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हातपायही झाडत नाही. श्वासाचीच मारामार तिथे हाक मारायला हवा कुठून आणणार? आणि बुडायला घोटाभर पाणीही पुरतं. तेवढं सांभाळून पाय पाण्यात सोडून बसण्यासारखं सुख नाही. धाकटा खडे टाकतो, थोरली त्या वर्तुळांवर लक्ष ठेवते, मी नुसती बसते. दिवसभरात मला नुसतं बसायला मिळतं ते एवढंच, आणि खरं सांगायचं तर रोज तिथे जाण्यात माझाही स्वार्थ आहे.

अगदीच काहिली असेल तेव्हा बाहेर पडत नाही. गॅलरीत बादली, मग आणि रंगाचा जुना ब्रश दिला की झालं. फरशीवर पाण्याने चित्रं काढायची. हत्ती पूर्ण होईपर्यंत सोंड वाळलेली असते. मग सोंड पुन्हा काढायची, तोवर शेपटी गेलेली. असं तासभर चालतं, पसारा शून्य.

अशाच एका दुपारी थोरलीने विचारलं की उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का. बाबाने मोठ्या उत्साहाने चेंडू आणि दिवा घेतला. पृथ्वी सूर्यापासून सगळ्यात लांब असते ती जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15.2 कोटी किलोमीटरवर, आणि सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, 14.7 कोटींवर. जुलैत पृथ्वीच्या एका अर्ध्या भागात उन्हाळा असतो, दुसऱ्यात हिवाळा. म्हणजे जवळ-लांबचा संबंध नाही, पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली आहे, जो भाग सूर्याकडे झुकतो तिथे ऊन जास्त सरळ पडतं आणि दिवस मोठा होतो. हे ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मग पृथ्वीला सरळ का नाही करत?" बाबा अजून विचार करतोय.

राहता राहिला सगळ्यांचा शेवटचा प्रश्न: बागेतून निघताना मुलं भोकाड पसरत नाहीत का? पसरायची. "पाच मिनिटांनी निघू" या वाक्याचा लहान मुलाला काही अर्थ लागत नाही, मिनिट त्याने पाहिलेलं नसतं. म्हणून आता मिनिटं बंद. "आणखी तीन घसरगुंड्या आणि घरी," असं सांगते. थोरली मोजते, तिसरी झाली की चप्पल घालते, कुरकुर नाही. धाकट्याचीही तयारी असते. प्रत्येक वेळी खाली आला की बोट वर करून मोठ्याने मोजतो. फक्त त्याला अजून "एक"च्या पुढे येत नाही.